हॉकलीच्या कालव्यावरचे रविवार

वैजयंती दिघे बर्मिंगहॅमला आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. दोन वर्षांत डॉक्टरकीची वरची परीक्षा द्यायची आणि परत जायचं, असं ठरवून आली होती. परीक्षेचा शेवटचा भाग ती तीनदा नापास झाली. मग वृद्धांच्या वॉर्डात कायमची नोकरी मिळत होती ती तिनं घेतली. तिच्यासारख्या बऱ्याच देशी डॉक्टरांना तेव्हा तिथंच नोकऱ्या मिळायच्या, कारण गोऱ्या डॉक्टरांना त्या नको असायच्या. बघता बघता तेरा वर्षं झाली. १९८९ च्या उन्हाळ्यात ती चव्वेचाळीस वर्षांची होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि एजबॅस्टनमधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होती.

सोमवार ते शनिवार बरे जायचे. वॉर्डात अठ्ठावीस म्हातारी माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाला तिच्याशी काहीतरी बोलायचं असायचं. पंचाईत रविवारची होती. दुकानं बंद, बस तासातून एक. सकाळी दहाला लंडनजवळच्या हॅरोहून मोठ्या भावाचा, शशीदादाचा फोन यायचा. "काय म्हणतेस? बरी आहेस ना?" असं तो विचारायचा, मागून मीनलवहिनी काहीतरी ओरडून सांगायची, आणि दहा मिनिटांत फोन संपायचा. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरेपर्यंत तिला कुणाशीही बोलावं लागायचं नाही. मराठीत बोलायचं तर पुढच्या रविवारपर्यंत.

म्हणून ती चालायला जाऊ लागली. बर्मिंगहॅमला व्हेनिसपेक्षा जास्त कालवे आहेत, हे इथला प्रत्येक माणूस पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. वैजयंतीनं ते शंभरदा ऐकलं होतं, पण कालवे म्हणून तिला माहीत होता तो गॅस स्ट्रीटचा धक्का. तिथं रंगवलेल्या बोटी, फुलांच्या कुंड्या, पब, आणि फोटो काढणारी माणसं. शेजारी नव्या मोठ्या सभागृहाचं बांधकाम चाललेलं होतं. त्या गर्दीत एकटीनं हिंडायला तिला अवघड व्हायचं. जूनमधल्या एका रविवारी ती गर्दीला पाठ करून उलट दिशेनं चालत सुटली.

दोन पूल गेल्यावर माणसंच संपली. कालवा तोच, पण दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या पाठी. विटा काळ्या पडलेल्या, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, भिंतींच्या फटींतून जांभळ्या तुऱ्यांची झुडपं आलेली. एके ठिकाणी मुख्य कालव्याला जुना वळसा फुटत होता. ती त्या वळशानं गेली. हा हॉकलीचा भाग. वरच्या रस्त्यावरून बसनं ती कितीदा गेली होती, पण खाली असं काही असेल याची तिला कल्पना नव्हती. पाणी जवळजवळ हलत नव्हतं. एक पाणकोंबडी प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर घरटं करून बसली होती. लांबून ट्रेन गेल्याचा आवाज आला, आणि परत सगळं शांत झालं. वैजयंतीला ते आवडलं. इथं एकटं असणं विचित्र दिसत नव्हतं, कारण बघायलाच कुणी नव्हतं.

मग ती दर रविवारी तिकडेच जाऊ लागली. दर वेळी थोडी पुढे.

जुलैच्या शेवटी तिला एका आडबाजूच्या धक्क्यावर सहा-सात बोटी बांधलेल्या दिसल्या. गॅस स्ट्रीटसारख्या सजवलेल्या नव्हत्या. माणसं राहत होती त्यांत. टपांवर लाकडं, कोळशाच्या पिशव्या, वाळत घातलेले टॉवेल. अगदी शेवटची बोट हिरवी होती. टपावर एक सायकल आडवी ठेवलेली, तिच्या सीटला पावाची पिशवी बांधलेली. आणि बोटीच्या अंगावर फिकट पिवळ्या इंग्रजी अक्षरांत नाव होतं. वैजयंतीनं ते दोनदा वाचलं आणि नकळत मोठ्यानं म्हणाली, "सुप्रभा?"

आतून काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. दाराची वरची झडप उघडली आणि एक माणूस बाहेर डोकावला. साठीच्या जवळचा, उंच, पांढरी दाढी बारीक कापलेली. अंगात मळका निळा स्वेटर.

"कोण?" त्यानं मराठीत विचारलं.

"मी नाव वाचलं फक्त," ती म्हणाली.

"इथं सगळे सूप्राबा म्हणतात," तो म्हणाला. "तुम्ही नीट म्हणालात, म्हणून बाहेर आलो." थोडा वेळ तो तिच्याकडे बघत राहिला. आत जावं की काय, असा विचार करत असावा. मग म्हणाला, "चहा टाकतच होतो."

त्याचं नाव पद्माकर खासनीस. मूळचा साताऱ्याचा. पहिल्या दिवशी त्यानं एवढंच सांगितलं. बोटीच्या आत एका लांब डब्यासारखी खोली होती. लोखंडी शेगडी, दोन खुर्च्या, रेडिओ, आणि एका फळीवर मसाल्यांच्या बरण्या. चहात आलं होतं. ती वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यानं मान डोलावली आणि तेव्हापासून तिला "डॉक्टर" म्हणू लागला. ती त्याला "खासनीस" म्हणे. निघताना त्यानं "परत या" म्हटलं नाही, पण "पुढचा रविवार कोरडा आहे म्हणे," असं म्हणाला.

ती पुढच्या रविवारी गेली. मग त्याच्या पुढच्या.

ऑगस्ट आणि सप्टेंबर तसेच गेले. ती अकराच्या सुमाराला पोचायची. त्यानं पिठलं-भात केलेला असायचा, कधी मुगाची खिचडी. जेवून झालं की ते धक्क्यावरून चालायला जात. कुठला कारखाना कशाचा होता हे तो सांगे. इथं पेनांची निबं होत होती, इथं बटणं, इथं पितळी पलंगाच्या दांड्या. तुरुंगाच्या उंच भिंतीजवळून कालवा जायचा, तिथं तो हमखास बोलायचा थांबे, आणि भिंत संपली की पुन्हा सुरू करी. कधीकधी दोघं तासभर गप्प चालत. पण ते गप्प बसणंही तिच्या खोलीतल्या शांततेसारखं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये एकदा पाऊस लागला आणि त्यांना बोटीतच बसावं लागलं. तेव्हा ती आपल्या परीक्षेबद्दल बोलली. तीन वेळा, तोंडी परीक्षेत. तो शेगडीत कोळसा घालत होता. तो थांबला.

"घरी काय सांगितलंत?"

"सांगितलं, नापास झाले म्हणून. आईनं लिहिलं, परत ये, इथं दवाखाना काढ. मी नाही गेले."

"सांगितलंत तुम्ही," तो म्हणाला. "असं सरळ?"

"दुसरं काय सांगणार?"

त्यानं शेगडीचं दार बंद केलं आणि खुर्चीवर बसला. मग पहिल्यांदा त्यानं आपली हकीकत सांगितली. तोही डॉक्टर होता. पुण्यात शिकलेला. लग्न होऊन तीन वर्षं झाल्यावर, बासष्ट साली तो सर्जन व्हायला इथं आला. बायको सातारला त्याच्या आईवडिलांपाशी. परीक्षा झाली की तिला बोलवायचं ठरलेलं. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा त्यानं घरी लिहिलं की परीक्षा पुढे गेली. दुसऱ्यांदा लिहिलं की निकाल राखून ठेवलाय. सहा वेळा बसला तो. दर वेळचं खोटं आधीच्या खोट्याला जुळवून लिहावं लागायचं. अडुसष्ट साली एका सकाळी तो हॉस्पिटलला जायला निघाला आणि गेलाच नाही. दोन आठवड्यांनी पितळी नळ्यांच्या कारखान्यात कामाला लागला. तिथं त्याला कुणी काही विचारलं नाही. सत्तरनंतर त्यानं घरी पत्र लिहिलं नाही. कारखाना बंद पडल्यावर ही बोट घेतली.

"आणि सुप्रभा?" वैजयंतीनं विचारलं.

"माझी बायको," तो म्हणाला. "तिला वाटत असेल मी मेलो. वाटू दे. तेच बरं आहे तिच्या दृष्टीनं." मग तो तिच्याकडे वळला. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टर. तुमच्यापाशी राहू दे."

"राहील," ती म्हणाली. आणि तेव्हा तिला ते अगदी सोपं वाटलं होतं.

दिवाळीला ती हॅरोला दादाकडे गेली. दर वर्षी जायची. फराळाला दहा-बारा माणसं होती, सगळी जोडप्याजोडप्यानं. मुलांच्या शाळा, घराला काढलेली नवी खोली, मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनचे घोळ, कुणाचा मुलगा केंब्रिजला लागला. वैजयंती दर वर्षीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीत बशी घेऊन बसली होती. एक बाई तिला म्हणाल्या, "तुझं बाई बरं आहे, कसली कटकट नाही. रविवारी काय करतेस गं तू एकटी?"

मीनलवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "करते काय, झोपत असेल."

सगळे हसले. हसण्यात वाईट हेतू नव्हता. पण वैजयंतीला ते लागलं. तिच्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ती कधी नव्हे ती बोलायला लागली. कालव्यावरच्या बोटीत राहणाऱ्या मराठी माणसाबद्दल. नाव सांगायचं नाही एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण माणसं बशा ठेवून ऐकायला लागली, पुढे सरकून बसली, प्रश्न विचारायला लागली. तेरा वर्षांत त्या घरात तिचं कुणी असं ऐकलं नव्हतं. बोटीचं नाव तिच्या तोंडून गेलं. सातारा गेलं.

मीनलवहिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिचं माहेर साताऱ्याचं होतं. "सुप्रभा?" ती म्हणाली. "खासनिसांची सुप्रभा? अगं, माझ्या मावशीच्या शाळेत आहेत त्या. मुख्याध्यापिका. नवरा विलायतेत गेला तो गेला, म्हणतात सगळे. वैजू, खासनीसच का ते?"

वैजयंती गप्प बसली. तेवढ्यानं वहिनीला उत्तर मिळालं.

रात्री निजानीज व्हायच्या आधी तिनं वहिनीचे हात धरून सांगितलं, "कुणाला लिहू नकोस. मी त्यांना शब्द दिलाय."

"नाही गं लिहीत," वहिनी म्हणाली. पण ती खिडकीबाहेर बघत होती.

तीन आठवड्यांनी, रविवारी सव्वादहाला, वैजयंती कोट घालून निघतच होती, तेवढ्यात खाली गाडी थांबली. दादा आणि वहिनी. न कळवता ते कधीच आले नव्हते. वहिनीच्या हातात चिवड्याचा मोठा डबा होता.

"चल, दाखव आम्हाला तुझे बोटीवाले," दादा म्हणाला. "एकटा माणूस आहे, जरा आपल्या लोकांत येईल."

"दादा, नको. त्यांना आवडायचं नाही."

"अगं, भेटायलाच तर आलोय. खातोय का त्यांना?"

मोठ्या भावाला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणायला हवं होतं, हे तिला जिना उतरतानाच कळत होतं. तरी ती पुढे चालत राहिली आणि ते दोघं तिच्या मागून. टाचेचे बूट घालून वहिनी चिखलातून चालत होती आणि म्हणत होती, "बाई बाई, इथं येतेस तू एकटी? आणि हे राहतात इथं?"

खासनीस धक्क्यावर लाकडं फोडत होता. वैजयंतीला बघून त्यानं हात वर केला. मग मागची दोघं दिसली, आणि हात खाली आला.

दादानं नमस्कार केला, स्वतःची ओळख करून दिली. खासनिसानं कुऱ्हाड बाजूला ठेवून नीट नमस्कार केला. सगळ्यांना आत बोलावलं, चहा केला. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून तो आणि वैजयंती उभे राहिले. दादा महाराष्ट्र मंडळाबद्दल बोलला. पुढच्या महिन्यात नाटक आहे, या तुम्ही, मी गाडी पाठवतो. खासनीस "हो, हो" म्हणत होता. वैजयंतीला वाटलं, निभावलं बहुतेक.

मग वहिनीनं कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती मनापासून बोलत होती. "भाऊजी, रागावू नका. मी मावशीला पत्र टाकलंय. एवढी वर्षं त्या बिचाऱ्या कुंकू लावायचं की नाही या विचारात काढतायत. त्यांना कळायला नको? तुम्हीच सांगा."

खासनीस वैजयंतीकडे बघत होता. बघण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता.

"बरोबर आहे तुमचं," तो वहिनीला म्हणाला. मग सगळे कप गोळा करून त्यानं विसळून ठेवले.

पुढच्या रविवारी वैजयंती साडेदहालाच पोचली. काय बोलायचं ते तिनं आठवडाभर घोकलं होतं. धक्क्यावर शेवटच्या जागी नुसतं पाणी होतं. शेजारच्या बोटीतली गोरी म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "मंगळवारी गेला तो. कुठं ते नाही सांगितलं. हा डबा तुमच्यासाठी ठेवलाय." चिवड्याचा डबा होता. उघडलेला नव्हता.

डिसेंबर गेला. नाताळला ती हॅरोला गेली नाही. ड्यूटी आहे म्हणून कळवलं, आणि मग ते खोटं ठरू नये म्हणून खरंच मागून घेतली. दादाचे फोन येत होते. "आम्ही चांगल्यासाठीच केलं," तो एकदा म्हणाला. "मला माहीत आहे," ती म्हणाली. ते खरंही होतं. तिला राग आला होता तो स्वतःचा. वहिनीनं शब्द मोडला त्याच्या आधी तिनं मोडला होता, आणि तोही कशासाठी, तर चार माणसांनी अर्धा तास आपल्याकडे बघावं म्हणून.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून पत्र आलं. बारीक, सरळ, फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर.

"सौ. मीनल यांच्याकडून तुमचा पत्ता मिळाला. तुम्ही मला ओळखत नाही, तरी तुमच्यावर एक काम टाकते आहे. ते जिवंत आहेत हे मला ठाऊक होतं. बहात्तर साली इथले एक डॉक्टर बर्मिंगहॅमहून परत आले. त्यांनी मला सांगितलं की ते डॉक्टरकी करत नाहीत, कारखान्यात आहेत. मला त्याचं काही वाटलं नाही. 'कारखान्यात असलात तरी चालेल, मी येते,' असं मी त्यांना लिहिलं. ते पत्र न उघडता परत आलं. मग मी बी.एड. केलं.

"मला त्यांना भेटायचं नाही आणि माझा त्यांच्यावर राग नाही. ते जिवंत आहेत हे मी घरात कुणाला सांगितलं नाही आणि आता सांगणारही नाही. पण त्यांचे वडील एकोणऐंशी साली गेले आणि आई चौऱ्याऐंशीच्या आषाढात, वद्य पंचमीला. हे त्यांना कळायला हवं. आई शेवटी मला रोज विचारायच्या, पद्याचा निकाल लागला का? मी सांगायचे, लागेल आता. तेवढा निरोप त्यांना द्यावा, ही विनंती. सुप्रभा खासनीस."

वैजयंतीनं पत्र पर्समध्ये ठेवलं आणि त्या रविवारपासून शोधायला लागली. बोट कालव्याच्या बाहेर जाऊ शकत नाही, एवढंच तिला माहीत होतं. बसनं ती एकेका भागात जायची, पुलावरून खाली उतरायची आणि दिवस मावळेपर्यंत चालायची. स्मेदिकला गेली. ओल्डबरीला कालव्याच्या डोक्यावरून मोटरवे जात होता. त्याच्या खांबांमध्ये खाली काळोखच होता आणि वरून गाड्यांचा घुमणारा आवाज. कालव्याच्या काठाला बर्फ धरला होता. कुणी भेटलं की ती विचारायची, हिरवी बोट, एक उंच इंडियन गृहस्थ? माणसं माना हलवायची. एका माणसानं तिला विचारलं, "तुमचे मिस्टर का?" ती नाही म्हणाली, आणि मग तो आपला कोण, हे तिला सांगता येईना.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी टिप्टनला, एका बंद पडलेल्या वखारीमागे, तिला पाण्यात एकच बोट बांधलेली दिसली. हिरवी होती, पण अंगावर नाव नव्हतं. ती पुढे निघून गेली असती. मग टपावरची सायकल दिसली, सीटला पावाची पिशवी बांधलेली. ती जवळ गेली. जिथं नाव होतं तिथं हिरवा रंग ताजा होता.

तिनं टपावर टकटक केलं. झडप उघडली. खासनीस बारीक झाला होता.

"येस?" तो इंग्रजीत म्हणाला.

"सुप्रभाताईंचं पत्र आलंय. माझ्या नावानं आहे, पण निरोप तुम्हाला आहे. तेवढा देते आणि जाते."

तो बाजूला झाला. आत ती बसली नाही, त्यानंही बसा म्हटलं नाही. तिनं पत्र पुढे केलं तर त्यानं हात पाठीमागे घेतले. "वाचा तुम्ही."

तिनं वाचलं. वॉर्डात नातेवाइकांना वाईट बातमी सांगते तशी, एकेक वाक्य सावकाश. 'मग मी बी.एड. केलं' इथं त्यानं हात वर केला.

"थांबा. त्याच्या आधीचं परत वाचा."

तिनं परत वाचलं. ते पत्र न उघडता परत आलं.

"कुठल्या पत्त्यावर पाठवलं होतं?"

"इथं लिहिलेलं नाही."

"मोझलीच्या खोलीवर असणार," तो म्हणाला. "मी ती एकाहत्तरलाच सोडली. घरमालकिणीला नवा पत्ता दिला नव्हता. कुणालाच दिला नव्हता." तो हळूहळू खुर्चीवर बसला. "मी ते परत नाही पाठवलं, डॉक्टर. मी पाहिलंच नाही ते."

ती पुढचं वाचू लागली. वडील. आई. आषाढ वद्य पंचमी. पद्याचा निकाल. तो दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून बसला. शेगडी विझत आली होती. वैजयंतीनं वाकून तीत दोन तुकडे टाकले आणि उभी राहिली. तो खरं सांगतोय की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिला वाटलं, खरं सांगतोय.

बऱ्याच वेळानं त्यानं एक कागद घेतला आणि तिथी लिहून काढली. वडिलांचं साल, आईची तिथी. अक्षर डॉक्टरचं होतं.

"ते पत्र तुम्हाला मिळालं नव्हतं," ती म्हणाली, "हे मी त्यांना कळवू?"

"मागच्या वेळी तुम्ही विचारलं नव्हतंत."

"हो. म्हणून आता विचारतेय."

त्यानं पेनाचं टोपण लावलं. "नका कळवू. नवऱ्यानं पत्र परत केलं म्हणून ती उठली, शिकली, मुख्याध्यापिका झाली. आता तिला कळलं की ते नुसतंच चुकलं होतं, तर ती त्याचं काय करेल? आणि मिळालं असतं तर मी तरी उघडलं असतं का? कुणाला ठाऊक."

"त्यांना कळायचा हक्क आहे, खासनीस."

"असेल," तो म्हणाला. "पण तुम्ही मला विचारलंत."

तिनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्यानं दार उघडून धरलं. "डाव्या बाजूनं जाऊ नका," तो म्हणाला, "तिकडं निसरडं आहे."

त्या संध्याकाळी ती पत्र लिहायला बसली. "तुमचा निरोप पोचवला. त्यांनी साल आणि तिथी लिहून घेतली. प्रकृती बरी आहे." एवढं झाल्यावर ती पेन धरून खूप वेळ बसली. आणखी एकच वाक्य होतं. ते लिहिलं तर अठरा वर्षांचा अर्थ बदलणार होता. चांगला बदलेल की वाईट, हे ठरवणारी आपण कोण? पण न लिहिणं हेही ठरवणंच होतं. शेवटी ते वाक्य न लिहिताच तिनं खाली सही केली आणि पाकीट बंद केलं. सोमवारी वॉर्डात जाताना ते पेटीत टाकलं, आणि टाकल्यावर क्षणभर पेटीवर हात ठेवून उभी राहिली.

साताऱ्याहून परत काही आलं नाही. यायचं कारणही नव्हतं.

एप्रिलमध्ये, उन्हाचा दिवस बघून, ती एकदा टिप्टनला गेली. जायचं काही कारण नव्हतं. वखारीच्या अलीकडे एक कमानीचा पूल आहे, तिथं ती थांबली. बोट होती तिथंच होती. धुराड्यातून बारीक धूर येत होता. थोड्या वेळानं खासनीस बादली घेऊन बाहेर आला, पाणी ओतलं, आणि सहज वर बघितलं. पुलावर कोण आहे ते त्याला दिसलं. त्यानं हात जरासा वर केला. तिनंही केला. ती जिन्याकडे दोन पावलं गेली, पण तोवर तो आत गेला होता आणि झडप बंद झाली होती.

ती तिथं आणखी पंधरा-वीस मिनिटं उभी होती. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, जाताना "छान दिवस आहे," म्हणाली. वैजयंती "हो," म्हणाली. मग घड्याळ बघून ती बसच्या थांब्याकडे निघाली.